जोते कुठून मोजायचे?

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्याच दिवशी खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे खचले, ही हकीकत महाराष्ट्रात कोणास नव्याने सांगावयास नको. मुठेच्या काठच्या पेठा त्या दिवशी पाण्याखाली गेल्या. ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी मी पुण्यात राहिलो तेव्हा त्या घटनेला तीस वर्षे उलटून गेली होती; तरीही जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात काळाचे दोन भाग सहज पडत, पुराआधीचा आणि पुरानंतरचा. एका गोष्टीकडे मात्र त्या आठवणींच्या ओघात फारसे कोणी वळत नसे. त्या दिवशी जी घरे पडली ती सगळीच पाण्याच्या धक्क्याने पडली नाहीत. पेठांतल्या वाड्यांचे जोते घडीव दगडाचे, सांगाडा लाकडाचा आणि भिंती पांढऱ्या मातीच्या असत. अशी भिंत तास-दोन तास पाण्यात उभी राहिली की आतून विरघळू लागते. पाणी ओसरल्यावर, लोक चिखल उपसण्यास परतल्यावरही, भिंती कोसळत राहिल्या. जिथवर दगड होता तिथवर घर टिकले. जोत्याच्या वर माती सुरू झाली तिथे ते बसले.

याचा अर्थ त्या वाड्यांचे बांधणारे अडाणी होते असा मुळीच नव्हे. नदीच्या नित्याच्या पुराचा अंदाज त्यांना पिढ्यानुपिढ्या होता. देशावरच्या जुन्या गावांची रचना पाहिली तर गावठाण बहुधा उंचवट्यावर, मळे खाली आणि नदीलगत घाट, देवळे व स्मशान अशी मांडणी आढळते. पाणी चढले तर ज्यांचे फारसे बिघडत नाही अशाच गोष्टी काठावर ठेवलेल्या. नरसोबाच्या वाडीला कृष्णेचे पाणी जवळजवळ दर पावसाळ्यात देवळात शिरते. तेथील मंडळी त्याला आपत्ती म्हणत नाहीत. उत्सवमूर्ती वर हलवितात आणि पादुकांवरून पाणी वाहू लागले की दक्षिणद्वाराचा सोहळा म्हणून भाविक स्नानास गर्दी करतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. परंतु नदीला तिची जागा आधीच देऊन ठेवण्याची ही रीत स्थापत्याच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगी आहे. १९६१ चे पाणी या रीतीच्या पलीकडचे होते. ते पावसाचे नव्हते, फुटलेल्या धरणाचे होते.

आणि इथेच, माझ्या मते, पुढच्या अनेक वर्षांच्या दुर्लक्षाचे मूळ आहे. धरण फुटले म्हणून पूर आला. तेव्हा दोष धरणाचा, नदी निर्दोष आणि काठावरची वस्तीही निर्दोष, असा निष्कर्ष नकळत सर्वांनी काढला. चौकशी आयोग नेमला गेला तो धरणासंबंधी. स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार अधिकाऱ्याने पुनर्वसनाची सूत्रे हाती घेतली आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती नदीपासून दूर, चढाच्या बाजूस उभ्या राहिल्या. हे काम मोठेच होते आणि त्यात शहाणपणही होते. परंतु जी जागा रिकामी झाली तिथे पुन्हा काय बांधावयाचे आणि किती उंचीवर, हा प्रश्न कोणा एका खात्याचा नव्हता. त्यामुळे तो कोणीच विचारला नाही.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. विकास आराखड्यात कोणते विषय यावेत याची यादी त्यात आहे आणि तीत पूरनियंत्रणाच्या प्रस्तावांचा स्पष्ट उल्लेख आहे. पानशेतनंतर अवघ्या पाच वर्षांत हे शब्द कायद्यात आले होते. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, राष्ट्रीय इमारत संहिता प्रसिद्ध झाली. पाया, भिंती, जिना, वायुवीजन, सांडपाणी, सारे तीत आले. या संहितेने जोत्याविषयी ठेवलेला दंडक आजही बहुतेक गवंड्यांना तोंडपाठ आहे: भोवतालच्या जमिनीपासून जोते किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे. जुन्या मापाने एक हात. पावसाचे पाणी उंबऱ्यात येऊ नये, ओल चढू नये, यासाठी ते पुरेसे आहे. परंतु भोवतालची जमीनच जर नदीच्या पुरात दोन पुरुष बुडत असेल, तर त्या हातभर उंचीचा उपयोग काय? एका ग्रंथात जमिनीचा वापर सांगितला, दुसऱ्यात घराची बांधणी सांगितली. आणि दोन्ही ग्रंथ एकमेकांना न ओळखता एकाच नगरपालिकेच्या कपाटात राहिले.

येथे एक विषयांतर करतो. वाचक ते सहन करतील. दोन घरांचा प्रभूने सांगितलेला दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु तो मत्तयात व लूकमध्ये सारखा नाही, ही गोष्ट गुरुमठात शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचताना लक्षात येते. मत्तयाच्या कथेत फरक जागेचा आहे, एकाने खडकावर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. पॅलेस्टाइनमधील ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि त्यांचे सपाट, वालुकामय पात्र घरासाठी सोयीचे वाटते. पावसाळ्यात तेच पात्र वाहू लागते. लूकच्या कथेत मात्र भर बांधणीवर आहे: एकाने खोल खणून पाया घातला, दुसऱ्याने पायाशिवायच भिंती उभारल्या, आणि आले ते नदीचे पाणी. भाष्यकार या फरकाचे कारण दोन लेखकांच्या वेगवेगळ्या भूगोलात शोधतात. मला त्यात आपल्या विषयाची दोन अंगे दिसतात. घर कुठे बांधावे हा मत्तयाचा प्रश्न, कसे बांधावे हा लूकचा. आपल्या शासनव्यवस्थेत हे दोन प्रश्न दोन खात्यांनी वाटून घेतले आहेत.

या दोन प्रश्नांची गाठ आधुनिक काळात प्रथम ज्यांनी शास्त्रीय रीतीने घातली त्यांत गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९११ साली शिकागो येथे जन्मलेला हा मनुष्य क्वेकर पंथाचा होता. युद्ध त्याला मान्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये निर्वासितांच्या सेवेस गेला. १९४२ साली शिकागो विद्यापीठास त्याने सादर केलेला प्रबंध पुराशी माणसाने कसे जुळवून घ्यावे याविषयी होता. त्या काळी अमेरिकेत पुरावर एकच उपाय मानला जाई: धरणे आणि बांध. व्हाइटचे म्हणणे असे, की बांध घातला की लोक निर्धास्त होऊन त्याच्या आड आणखी दाटीने घरे बांधतात आणि मग बांध ओलांडणारा एखादाच पूर पूर्वीच्या दहा पुरांहून अधिक नासधूस करतो. म्हणून जमिनीचा वापर, इमारतीची रचना, पूर्वसूचना आणि विमा या सर्वांचा एकत्र विचार केला पाहिजे. हा प्रबंध बराच काळ धूळ खात पडला. १९६६ मध्ये व्हाइटच्याच अध्यक्षतेखालील समितीने तोच विचार शासनापुढे ठेवला आणि १९६८ साली राष्ट्रीय पूरविमा योजनेचा कायदा झाला.

त्या योजनेची युक्ती साधी होती. ज्या गावाच्या रहिवाशांना पूरविमा हवा त्या गावाने पूरक्षेत्रातील प्रत्येक बांधकामास परवाना सक्तीचा करावा आणि कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक आहे अशा पुराची पातळी धरून, राहत्या घराचा सर्वांत खालचा मजला त्या पातळीला किंवा तिच्यावर ठेवावा. उंची घराभोवतीच्या अंगणापासून मोजावयाची नाही. ठरलेल्या शून्यापासून मोजावयाची, आणि मोजणी करणाऱ्या अधिकृत माणसाने तसा उंचीचा दाखला द्यावयाचा. आणखी एक अट अशी, की एखाद्या घराची हानी त्याच्या किमतीच्या निम्म्याएवढी किंवा अधिक झाली, तर ते जसेच्या तसे उभारता येणार नाही. नव्या उंचीलाच बांधावे लागेल. या अटीवरून तेथे आजही भांडणे होतात, कारण पुराने आधीच नागवलेल्या कुटुंबावर घर उचलण्याचा खर्च येऊन पडतो. तेथील इमारत संहिताही निरनिराळ्या संघटना काढीत असत. १९९४ मध्ये त्यांच्या तीन संघटनांनी संयुक्त मंडळ स्थापिले आणि २००० साली एकत्रित संहिता निघाली, तेव्हा पुरासंबंधीच्या तरतुदी तिच्या अंगात आल्या. म्हणजे कायद्यानंतर ३२ वर्षांनी.

आपल्याकडे केंद्रीय जल आयोगाने १९७५ साली पूरक्षेत्राच्या विभागणीसाठी एक आदर्श विधेयक तयार करून राज्यांकडे पाठविले. ते स्वीकारून कायदा करणारी राज्ये बोटांवर मोजण्याइतकी: मणिपूरने १९७८ मध्ये, राजस्थानने १९९० मध्ये, पुढे उत्तराखंडने २०१२ मध्ये. महाराष्ट्राने कायद्याचा मार्ग धरला नाही. १९८९ साली राज्याच्या पाटबंधारे खात्याने एक परिपत्रक काढले आणि त्यातून निळी रेषा व लाल रेषा हे शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात आले. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा. तिच्या आत बांधकाम निषिद्ध. शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोहोचतो ती लाल. दोन रेषांमधील पट्ट्यात बांधकाम नियंत्रित.

या आकड्यांविषयी एक गैरसमज इतका रूढ आहे की तो दूर केलाच पाहिजे. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पुढची २४ वर्षे निर्धास्त, असा नाही. दर वर्षी २५ पैकी एक शक्यता नव्याने उभी राहते. हिशेब केला तर निळ्या रेषेवरील घराच्या दारापर्यंत २५ वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता शंभरात ६४ भरते. लाल रेषेवरील घराच्या बाबतीतही, कर्ज फेडण्याच्या ३० वर्षांत, ती शंभरात २६ आहे. इतक्या जोखमीचा व्यवहार आपण घरखरेदीखेरीज अन्यत्र क्वचितच डोळे मिटून करू.

परिपत्रक निघाले खरे, परंतु ते पाटबंधारे खात्याचे. घर बांधण्याची परवानगी देते नगरपालिका, तिचे नियम वेगळे, आणि रेषा प्रत्यक्ष नकाशावर उतरविण्याचे काम कित्येक नद्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षे रेंगाळले. कोल्हापूर-सांगलीला २००५ मध्ये पूर आला. पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० साली अहवाल दिला. नदीपात्रातील व पूरक्षेत्रातील अतिक्रमणांचा प्रश्न त्यात अर्थातच होता.

त्याच वर्षी डिसेंबरात, फारसा गाजावाजा न होता, या इतिहासातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना घडली. मुंबई व काही मोजके प्रदेश वगळता राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि निळी व लाल रेषा बांधकामाच्या नियमांत दाखल झाल्या. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत उद्याने, मोकळी मैदाने, वाहनतळ, उघडी भाजीमंडई, स्मशान व दफनभूमी यांसारखेच उपयोग. निळ्या व लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम करता येईल, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर उंच हवे. आकडा तोच, एक हात. मात्र तो आता अंगणापासून न मोजता शंभर वर्षांच्या पुरापासून मोजावयाचा. पानशेतनंतर ५९ वर्षांनी मत्तय आणि लूक एका पानावर आले, असे मी मित्रांत गमतीने म्हणतो.

गंमत सोडली तर अडचणी पुष्कळ आहेत. पहिली मोजणीची. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर पुराची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली असते. वास्तुशिल्पकाराच्या नकाशावर जोत्याची उंची बहुधा समोरच्या रस्त्यापासून दाखविलेली असते. धर्मग्रामाच्या बांधकामांच्या निमित्ताने असे नकाशे हाताळण्याचा प्रसंग आम्हा धर्मगुरूंवर येतोच, आणि त्यांत समुद्रसपाटीचा आकडा शोधावा लागतो. दोन्ही आकडे एकाच शून्यापासून लिहिले गेले नाहीत तर त्यांची तुलनाच होऊ शकत नाही आणि नियम कागदावर पाळला जाऊनही घर बुडते.

दुसरी अडचण अधिक गंभीर. जोते उंच करावयाचे ते कसे? खांबांवर घर उचलले तर पाणी खालून वाहून जाते. मातीचा भराव टाकून जमीनच उंचावली तर माझे घर सुटते आणि माझ्या वाट्याचे पाणी शेजाऱ्याच्या ओसरीवर चढते. भराव घालण्याचे सामर्थ्य ज्याच्याजवळ आहे तो वर जातो. चाळीतला, झोपडीतला खाली राहतो. अमेरिकन नियमांत पुराच्या मुख्य प्रवाहाचा पट्टा आखताना असे पाहतात, की बाजूचे सारे क्षेत्र भरून निघाले तरी पुराची पातळी एका फुटाहून अधिक चढू नये. एक फूट तरी का चढावी, हा प्रश्न आहेच. पण निदान हिशेब मांडला जातो. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांतही पूरप्रवण भागात इमारती खांबांवर उभाराव्यात असे सांगितले आहे, आणि रुग्णालये, वीजकेंद्रे, पाणीपुरवठा यांच्यासाठी शंभर वर्षांच्या पुराची पातळी ओलांडण्याचा आग्रह आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, वीज गेली आणि श्वसनयंत्रावर असलेले रुग्ण दगावले, ही बातमी ज्यांनी वाचली त्यांना या आग्रहाचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

चिपळूणचाच पुढचा अध्याय असा, की पुरानंतर तेथे पूररेषा आखल्या गेल्या तेव्हा बाजारपेठेसह शहराचा मोठा भाग त्यांच्या आत आला आणि नागरिकांनी तीव्र विरोध केला. त्यांना दोष देणे मला जमत नाही. घर, दुकान, वडिलोपार्जित जागा यांची किंमत एका रेषेने रात्रीत घटते. बँक कर्ज देताना कुरकुरते. दुरुस्तीला परवानगी मिळेल की नाही हे कळत नाही. रेषा आखणारे खाते या प्रश्नांना उत्तर देत नाही, कारण ते त्याचे काम नाही. उत्तर द्यावयाचे ते बांधकामाच्या नियमांनी: कोणती घरे उचलता येतील, तळमजला कसा रिकामा ठेवता येईल, विजेचे मीटर कुठे चढवावयाचे, आणि खर्चाचा वाटा कोण उचलणार. हे सांगितल्याविना रेषा ओढणे म्हणजे रोग्याला रोगाचे नाव सांगून दवाखान्याचे दार लावून घेण्यासारखे आहे.

पुण्यात २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या परिसरात पाणी शिरले, तेव्हा खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेकचा विसर्ग झाला होता. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकवर बेतलेली आहे. धरणाखालच्या भागात स्वतंत्रपणे पडलेला जोराचा पाऊस आणि पात्रात टाकलेला राडारोडा, ही कारणे तेव्हा पुढे आली. काहीही असो, आकड्याप्रमाणे जिथे पाणी यावयास नको होते तिथे ते आले. नदीचे पात्र आक्रसले की रेषा जुनी होते. तिच्यावर मोजलेले जोतेही मग जुने होते.

आमच्या वसईकडे तर मोजण्यास रेषाच नाही. येथील पाणी नदीचे नव्हे. वरून पाऊस, समोरून भरती आणि मध्ये सपाट जमीन, असे ते साचते. पूर्वजांनी त्यासाठी वाडीवाडीत बावखले राखली होती. पावसाचे गोडे पाणी त्यांत उतरे, उन्हाळ्यात बागेला मिळे, आणि खारे पाणी दूर राही. १९९० नंतर हरित पट्ट्यावर नागरी विकासाची आखणी आली. वसईकरांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह केलेला विरोध सर्वज्ञात आहे. बावखले एकेक करून बुजत गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार आणि नालासोपारा काही दिवस पाण्यात होते, मिठागरांत माणसे अडकली, आणि नंतर नीरी व मुंबईची आयआयटी यांच्या समितीस कारणे शोधण्याचे काम देण्यात आले. नदीच्या निळ्या-लाल रेषांचा नियम या पाण्याला लागू पडत नाही. म्हणून येथे जोते अजून रस्त्यापासूनच मोजतात. आणि रस्ता दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर अंगावर घेऊन वर चढतो. गावातील जुन्या घरांच्या ज्या ओटीवर पूर्वी दोन पायऱ्या चढून जावे लागे, त्या ओटीवर आता काही ठिकाणी रस्त्यावरून एक पायरी उतरून जावे लागते.